समुद्र अथांग, खुर्ची ताठ

समुद्र पाहायला माणूस पैसे मोजतो आणि त्याला बसवतात कसे? क्रूझ-जहाजांवरच्या साध्या खोल्यांच्या सज्जांत बहुधा दोन ताठ पाठीच्या खुर्च्या! पाय पसरून पडायची आरामखुर्ची ही महागड्या दालनांची मिरास. जुन्या आगबोटींच्या डेकवर लाकूड-वेताची लांब खुर्ची भाड्याने तरी मिळे!

कोणी म्हणेल, ‘आगीचे नियम आहेत ना!’ नियम हवेतच. २३ मार्च २००६ रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या सज्जांतून आग पसरली, एक प्रवासी दगावला. तिथले प्लास्टिक भराभर पेटले होते. पुढे २००८ पासून सज्जांतील सामानावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. पण वाचकहो, ते निर्बंध वस्तूच्या पेटण्याविषयी आहेत, पाठीच्या कोनाविषयी नव्हेत. धातूची चौकट तिरपी केली म्हणून ती काय पेट घेते?

सज्जा अरुंद आहे? मग पाय टेकायला एक तिवई तरी द्या! जन्मभर उभ्याने राबलेल्या माणसाने साठीनंतर, पैपै साठवून समुद्र पाहायचा, तो काय मुख्याध्यापकांपुढे बसल्यासारखा?