‘लीगल’ला सीसीत ठेवले म्हणजे झाले?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही बऱ्या कंपनीत अडचणीचा विषय निघाला की मेल लिहिणारा दोन गोष्टी हमखास करतो. ‘लीगल’ला सीसीत टाकतो आणि विषयाच्या ओळीत ‘प्रिव्हिलेज्ड अँड कॉन्फिडेन्शियल’ असे चढवतो. मग हात सैल सोडून लिहितो. बॅचमधला दोष आपल्याला आधीच ठाऊक होता, व्हेंडरला नोटीस न देताच करार मोडला, त्या तक्रारीवर समिती बसलीच नाही, वगैरे. वकिलाला सांगितलेले बाहेर जात नाही, हा त्यामागचा भरवसा. 31 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भरवशाचा पायाच काढून घेतला. मेल लिहिण्याची सवय मात्र जुनीच आहे.

प्रकरण सुरू झाले ते भलत्याच कारणाने. जून 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स धाडले. विषय होता एका विमा कंपनीच्या शेअर-योजनेबाबत दिलेल्या कायदेशीर मताचा. देशभरच्या वकील संघटना उठल्या, समन्स मागे घेतले गेले. त्याच सुमारास अहमदाबादच्या पोलिसांनी एका वकिलाला बजावलेल्या नोटिशीचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने तो स्वतःहून हाती घेतला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांच्या पीठाने निकाल दिला, की अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला बोलावता येणार नाही. कायद्यातल्या अपवादात प्रकरण बसत असेल तरच, आणि तेही पोलीस अधीक्षकाहून खालच्या नसलेल्या वरिष्ठाच्या लेखी संमतीने. वकीलवर्गाने निकालाचे स्वागत केले, ते योग्यच होते.

कंपन्यांसाठी खरी बातमी त्याच निकालात पुढे होती. पगारी विधी अधिकाऱ्यांनाही हेच संरक्षण हवे होते. न्यायालयाने ते नाकारले. वकिलाला सांगितलेले गुप्त राखणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 132 ‘अ‍ॅडव्होकेट’पुरते आहे. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकर वकिली करू शकत नाही, नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते. ज्याचा पगार, बढती आणि बदली मालकाच्या हाती, त्याचा सल्ला स्वतंत्र कसा मानायचा, हा त्यामागचा प्रश्न. युरोपच्या न्यायालयाने 2010 साली अ‍ॅक्झो नोबेल प्रकरणात असेच म्हटले होते. विधी अधिकाऱ्याला कलम 134 चा आधार उरला, पण तो कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी झालेल्या व्यवहारापुरता. व्यवस्थापक आणि त्याचा स्वतःचा ‘लीगल’ यांच्यातल्या बोलण्याला तो नाही.

महाराष्ट्रात हा धक्का जास्त बसायला हवा. मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1980च्या दशकाच्या आरंभी उलट म्हटले होते. सल्ला देणारा पगारी आहे एवढ्यावरून त्याचे संरक्षण जात नाही, असे. तेव्हा 1872 चा साक्ष्य कायदा होता आणि त्यात बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर, वकील अशी सगळी मंडळी होती. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात कलम 132 मध्ये एकटा ‘अ‍ॅडव्होकेट’ उरला. आपल्याकडच्या विधी विभागांना चार दशके हा निवाडा हाताशी होता. तो टेकू आता गेला.

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या परदेशी कंपन्यांचा घोळ तर आणखी वेगळा. अमेरिकेत पगारी वकिलाशी झालेल्या बोलण्यालाही संरक्षण मिळते. कंपनीच्या खालच्या कर्मचाऱ्यांनी वकिलाला दिलेली माहितीसुद्धा 1981 च्या अपजॉन निकालाने त्यात आली. म्हणजे पुण्याहून डेट्रॉइटला गेलेल्या मेलला तिथे कवच, आणि त्याच मेलच्या पुण्यातल्या प्रतीला इथे नाही. जर्मनीत आणखीच तऱ्हा. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने डिझेल घोटाळ्यात अंतर्गत चौकशीसाठी जोन्स डे ही बाहेरची वकील कंपनी नेमली होती. मार्च 2017 मध्ये म्युनिकच्या सरकारी वकिलांनी तिच्याच कार्यालयावर छापा घातला, आणि जून 2018 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती कागदपत्रे वापरण्याला हरकत घेतली नाही.

भोसरी-पिंपरीच्या छोट्या कारखानदाराकडे ‘लीगल’ नावाचा विभागच नसतो. त्याचा कायदा म्हणजे त्याचा सीए, लेबर कन्सल्टंट आणि एमआयडीसीतली कामे करून देणारा माणूस. या तिघांपैकी कोणालाही कलम 132 लागू नाही. सीएवर गुप्ततेचे बंधन आहे ते त्याच्या व्यवसायाच्या शिस्तीचे, कायद्याने विचारले की त्याला सांगावेच लागते. जीएसटीच्या नोटिशीवर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले ‘साहेब, हे बिल कसे दाखवू?’ हे वाक्य उद्या कुणीही वाचू शकते. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात तर झडतीच्या वेळी ई-मेल आणि क्लाउडपर्यंत पोचण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

आता कुणी म्हणेल, मग सगळे बाहेरच्या वकिलाकडून करून घेऊ. तसे करावेच, पण त्याच्याही कवचाला हद्द आहे, आणि ती कायद्याच्या दृष्टांतातच आहे. ‘मी खोटा दस्त केला, माझा बचाव करा’ हे वकिलाला सांगितलेले सुरक्षित. ‘या खोट्या दस्तावर दावा लावून मला मिळकत मिळवून द्या’ हे सुरक्षित नाही. शिवाय वकिलाचे मत घ्यायचे आणि ते विक्री विभागाला, डीलरला, वर ‘एफवायआय’ म्हणून पंधरा जणांना पाठवायचे, तर त्यात गुप्त म्हणावे असे काय राहिले? शिक्का मारून धंद्याची चर्चा कायद्याची होत नाही. कायद्याचा प्रश्न वेगळ्या मेलमध्ये, सनदधारक वकिलाला, मोजक्या माणसांसमोर विचारावा. बाकीचा मेल न्यायालयात मोठ्याने वाचला जाईल असे धरूनच लिहावा.

न्यायालयाने कायदा होता तसा वाचला, त्यात आम्हाला वावगे दिसत नाही. पगारी वकिलाच्या आडून कंपन्यांनी पाप झाकावे, असेही आमचे म्हणणे नाही. पण चूक वेळेत पकडायची तर ती कोणीतरी, कोणाला तरी लिहून विचारलीच पाहिजे, आणि कंपनीत पहिल्यांदा विचारले जाते ते पगारी वकिलालाच. लिहायला भीती वाटली की लोक लिहीत नाहीत. ते चहाच्या टपरीवर कुजबुजतात आणि चूक तशीच पुढे जाते. म्हणून संसदेने कलम 132 मध्ये मर्यादित दुरुस्ती करावी. बार कौन्सिलने विधी अधिकाऱ्यांची वेगळी नोंदवही ठेवावी, शिस्तीचे नियम घालावेत आणि संरक्षण निव्वळ कायदेशीर सल्ल्यापुरतेच असावे. मागणी दिल्लीत पोचवायची तर मराठा चेंबरसारख्या पुण्यातल्या उद्योग संस्थांनी ती आताच लेखी द्यावी. त्या पत्राची प्रत सर्वांना सीसीत ठेवायला हरकत नाही.