मनधरणी तिनेच का करायची?

बारावी शास्त्र शाखेतली मुलगी 'मला विमान चालवायला शिकायचंय' म्हणते, तेव्हा घरातून पहिलं उत्तर येतं, 'पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न खोटा नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, खर्च अनेक लाखांत जातो. हातावर पोट असलेल्या घरात भांडण आईबापांशी नाहीच, ते सरकारशी आहे.

पण मुलगी दहा वर्षांची झाली की सोनं आणि हॉल यांची तरतूद करू लागणाऱ्या घरांनी ही सबब सांगू नये. तिथली खरी भीती वेगळी असते. पोरगी रात्री-अपरात्री बाहेर राहणार, मग तिला स्थळ कोण देणार? हेच भावाने मागितलं तर जमीन गहाण टाकायची तयारी असते. तिने मात्र मार्क, वागणूक, वर पोळ्याही गोल, असं सगळं दाखवून महिनोन्‌महिने विनवण्या करायच्या!

'मुलींना जमेल का' हे तर विचारूच नका. सरला ठकराल यांनी 1936 साली लाहोरला साडी नेसून विमान उडवलं, तेव्हा त्या एका मुलीच्या आई होत्या.

हिंदू कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. मग ती मागते ते उपकार कसे? पुढच्या पालकसभेत आपण एवढंच विचारू या : हिच्या लग्नासाठी किती ठेवलेत? आणि तो आकडा तिच्यासमोर सांगायला लावू या.