मीठ बदलण्यापूर्वी

वाणसामानाच्या दुकानांत हल्ली ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळू लागले आहे. रक्तदाब असलेल्या आईवडिलांसाठी मुले ते आवर्जून आणतात. वाचकहो, ते डब्यात भरण्यापूर्वी त्याची घडण समजून घ्यावी.

सोडियमच्या अणूत 11 इलेक्ट्रॉन असतात. कवचांतील त्यांची मांडणी 2, 8, 1. क्लोरीनच्या अणूत 17. मांडणी 2, 8, 7. सोडियम आपला बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. एक धनभारित होतो, दुसरा ऋणभारित, आणि परस्परांच्या आकर्षणाने दोघे बांधले जातात. हा आयनिक बंध. पाण्याच्या स्पर्शाने भडकणारा धातू आणि एक विषारी वायू यांच्यापासून आपल्या पानातले मीठ होते, हे नवलच!

साखरेतील अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, म्हणून ती विरघळली तरी तिचा रेणू अखंड राहतो. मीठ विरघळताच मात्र सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात. मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते ते हे सुटे सोडियम. ते आमटीतले की लोणच्यातले, याने काही फरक पडत नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ‘ते रक्तदाबाला चालते’ या समजुतीत तथ्य नाही.

आता पोटॅशियम. त्याची मांडणी 2, 8, 8, 1. बाहेर तोच एकटा इलेक्ट्रॉन. त्यामुळे क्लोरीनशी त्याचेही तसेच जुळते, आणि होणारे मीठ पांढरे, खारट, किंचित कडवट असते. कमी सोडियमच्या मिठात बहुधा याचाच वाटा असतो. चीनच्या खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले. लाभ खराच आहे.

परंतु त्या अभ्यासातून गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना वगळले होते, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. क्लोरीनला दोन्ही धातू सारखे. शरीराला तसे नाहीत. सोडियम मुख्यत्वे पेशींबाहेर राहते, पोटॅशियम पेशींच्या आत, आणि हृदयाचे ठोके या वाटणीवर अवलंबून असतात. मूत्रपिंडे दुर्बळ असतील, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर जादा पोटॅशियम रक्तात साचू शकते. पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि ठोके एकाएकी बिघडतात.

म्हणून पाकिटावर ‘पोटॅशियम क्लोराइड’ हे शब्द शोधावेत. ते असल्यास औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करावी का, हे विचारावे. मीठ बदलणे जमणार नसेल, तर लिंबू, कोकम, जिरेपूड यांच्या आधाराने नेहमीचेच मीठ कमी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत आहे. आजोबांना चाललेले मीठ आजींना चालेलच असे नाही. स्वयंपाक एकत्र होत असेल, तर दोघांच्याही औषधांची विचारणा एकदमच करावी.