मदतीची गाडी किती अंतरावर असावी?

पावसाळा ओसरून सकाळची हवा गार झाली की यवतमाळच्या दारव्हा, आर्णी आणि पांढरकवडा या तिन्ही मार्गांवर पहाटेची वर्दळ वाढते. चालणाऱ्यांबरोबर सायकलवर निघालेली ज्येष्ठ मंडळीही त्यात दिसतात. त्यांतील अनेकांनी उभ्या आयुष्यात शेत, शाळा आणि बाजार सायकलनेच गाठलेला असतो. साठी-सत्तरीनंतर ती सवय टिकवणे हृदयाला, सांध्यांना आणि मनालाही हितकारक आहे. मात्र घरच्यांना काळजी वाटते. मग नातू दुचाकीवरून मागोमाग जातो, एखादा मुलगा मोटार काढून हळूहळू मागे चालवतो. ‘मागे आपले माणूस आहे’ या विचाराने दोन्हीकडचे जीव निश्चिंत होतात.

ही निश्चिंतता कितपत खरी, हा आजच्या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे दूर, व्यावसायिक सायकल शर्यतींच्या जगात जावे लागेल. कारण सायकलस्वाराभोवती मदतीची वाहने जितकी तिथे असतात तितकी अन्यत्र कुठेच नसतात, आणि त्या मदतीचे धोकेही तिथेच सर्वांत स्पष्टपणे समोर आले आहेत.

फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’सारख्या शर्यतीत दीडशेहून अधिक सायकलपटू एका जथ्याने धावतात. त्यांच्या मागेपुढे वाहनांचा मोठा ताफा असतो. त्यात प्रत्येक संघाची सुटी चाके, पाणी आणि खाणे घेतलेली मोटार असते. पंचांच्या मोटारी, वैद्यांची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांच्या आणि छायाचित्रकारांच्या मोटारसायकलीही असतात. यांतील जवळपास प्रत्येक वाहन खेळाडूच्या सोयीसाठी किंवा सुरक्षेसाठी आलेले असते. तरीही अपघात झाले.

जुलै २०११ मध्ये तूर द फ्रान्सच्या नवव्या टप्प्यात दूरचित्रवाणीच्या एका मोटारीने आघाडीवरच्या सायकलपटूंना ओलांडताना अचानक रस्त्याच्या आत वळण घेतले. तिचा धक्का स्पेनच्या हुआन अंतोनियो फ्लेचाला बसला. त्याच्याबरोबर नेदरलँड्सचा जॉनी होगरलँड उडून कडेच्या काटेरी तारेच्या कुंपणावर आदळला. त्याच्या पायांना ३३ टाके पडले. एप्रिल २०१५ मध्ये बेल्जियमच्या ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ शर्यतीत तर साहाय्यासाठीच ठेवलेल्या तटस्थ मोटारींकडून एकाच दिवशी दोन अपघात घडले. पहिल्यात न्यूझीलंडच्या जेसी सार्जंटचे गळ्याजवळचे हाड मोडले. दुसऱ्यात मदतीच्या मोटारीची धडक एका संघाच्या मोटारीला बसली आणि त्या मोटारीजवळचा खेळाडू खाली पडला. २७ मार्च २०१६ रोजी ‘गेंट-वेवेल्गेम’ शर्यतीत बेल्जियमचा अवघ्या २५ वर्षांचा आंत्वान देमोआतिए इतर काही जणांसह पडला. मागून येणारी शर्यतीतलीच मोटारसायकल त्याच्यावर आदळली आणि त्याच रात्री रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

या घटनांतील वाहनचालक नवखे नव्हते आणि त्यांच्या मनात वाईट हेतूही नव्हता. मग असे का घडावे?

कारणे तीन दिसतात. पहिले कारण जवळीक. मदत करायची तर जवळ जावे लागते आणि जवळ गेले की चूक सावरायला वेळ उरत नाही. दुसरे कारण विभागलेले लक्ष. मदतनीस चालक रस्ता, खेळाडू, घड्याळ आणि कानातील सूचना अशी चार अवधाने एकदम सांभाळत असतो. तिसरे कारण गृहीत धरणे. सायकलस्वाराला वाटते, मागची गाडी आपल्याला पाहतेच आहे. चालकाला वाटते, सायकलस्वार सरळच जाणार आहे. दोघांचा एकमेकांवरचा विश्वास इतका दाट असतो की इशारा देण्याची गरजच कुणाला भासत नाही.

यावर शर्यतींच्या जगाने शोधलेला मुख्य उपाय म्हणजे मदतीला शिस्त लावणे. संघांच्या मोटारी ठरलेल्या क्रमाने पंचांच्या गाडीमागे राहतात. खेळाडूला पाणी हवे असेल किंवा चाक पंक्चर झाले असेल तर तो हात वर करतो. त्याची सूचना बिनतारी यंत्रावरून दिली जाते आणि मगच त्या संघाची गाडी पुढे सरकते. पुढे, १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने मोठ्या शर्यतींत ‘पिवळे कार्ड’ लागू केले. धोकादायक वर्तनासाठी ते खेळाडूला मिळते, तसेच ताफ्यातील वाहनचालकालाही मिळू शकते. मदत करणाराही नियमाला बांधलेला आहे, हे त्यातून मान्य झाले.

आपल्या महाराष्ट्रालाही मदतीच्या गाडीचे हे शास्त्र परके नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या आत पार केली. या शर्यतीत मदतनीस गाडीवाचून पुढे जाताच येत नाही. रात्री तर ती गाडी सायकलस्वाराच्या थेट मागे राहून आपल्या दिव्यांचा उजेड त्याच्या वाटेवर टाकते. दिवसा मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळी रीत असते. गाडी पुढे निघून जाते, रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबते, सायकलस्वार तिला ओलांडून गेला की पुन्हा पुढचा मुक्काम गाठते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’च्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय शर्यतीचा असा वाहनताफा आपल्या राज्याच्या रस्त्यांवरही धावला.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून जातो, तर नागपूर–तुळजापूर मार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा उतरतो. या मार्गांवर मालमोटारी भरधाव असतात. कापसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरही त्याच वाटेवर येतात. अशा मार्गावर आपले वडील ताशी १२ किलोमीटर वेगाने सायकल चालवीत असतील आणि आपण मोटार त्यांच्या मागे त्याच वेगाने चालवीत असू, तर आपण त्यांचे रक्षण करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकापुढे एक अनपेक्षित संथ अडथळा उभा राहतो. त्याने वेळेत वेग आवरला नाही, तर ढकलली जाणारी मोटार थेट सायकलवर जाते.

अंतराचा हिशेबही करून पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. मोबाइलकडे दोन सेकंद नजर गेली तरी ११ मीटर अंतर कापले जाते आणि ब्रेक त्यानंतर लागतो. पडलेला सायकलस्वार मात्र जवळजवळ पडल्या जागीच थांबतो. म्हणून मागून जाणाऱ्याने किमान २० मीटर, म्हणजे साधारण पाच मोटारींच्या लांबीइतके अंतर राखावे. वेग वाढला की अंतरही वाढवावे.

ज्येष्ठांच्या बाबतीत देहधर्माचीही दखल घ्यायला हवी. वयानुसार मान पूर्ण वळत नाही, त्यामुळे मागे पाहताना सायकल त्याच बाजूला झुकते. ऐकू कमी येत नसले तरी आवाज कोणत्या दिशेने आला, हे ठरवणे अवघड होते. अशा वेळी अगदी जवळून वाजवलेला भोंगा सावध करण्याऐवजी दचकवतो आणि हँडल डगमगते. मोतीबिंदू असल्यास समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे थांबून पटकन उतरताना भोवळ येऊ शकते. हाडे विरळ झालेली असतील तर तरुणाला खरचटण्यावर निभावणारे पडणे ज्येष्ठाला खुब्याच्या अस्थिभंगापर्यंत नेते.

या सर्वांचा विचार करून काही रीती घरी ठरवून घ्याव्यात.

सोबत्याने पाळावयाच्या गोष्टी :

१. महामार्ग टाळावा. गावालगतचा कमी वर्दळीचा रस्ता निवडावा आणि पूर्ण उजाडल्यावरच निघावे.

२. मोटारीने सोबत करायची असल्यास मागे रेंगाळू नये. एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन डांबरी रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे आणि सायकल पुढे गेल्यावर पुन्हा पुढचा टप्पा गाठावा.

३. दुचाकीवरून शेजारी राहून गप्पा मारू नयेत. बोलण्याच्या ओघात सायकल आणि दुचाकी एकमेकींकडे नकळत सरकतात. काही सांगायचे असेल तर दोघांनी थांबून बोलावे.

४. ओलांडण्यापूर्वी दुरूनच एक हलका भोंगा द्यावा आणि भरपूर जागा सोडून पुढे जावे. ओलांडताच लगेच डावीकडे घेऊ नये. २०११ चा अपघात असाच घडला होता.

५. चालत्या वाहनातून पाण्याची बाटली किंवा औषध देऊ नये. व्यावसायिक खेळाडू हे करतात, कारण ती त्यांची वर्षानुवर्षांची तालीम असते. आपल्याकडे पाणी थांबूनच प्यावे.

६. गाडी थांबवल्यावर दार एकदम उघडू नये. उजव्या बाजूचे दार डाव्या हाताने आणि डाव्या बाजूचे दार उजव्या हाताने उघडण्याची सवय लावावी. तसे करताना खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. ही सवय नातवंडांनाही शिकवावी.

७. गाडी मागे घेताना ज्येष्ठ व्यक्ती कुठे आहे, हे आधी डोळ्यांनी पाहावे. आरशात न दिसणारा भाग प्रत्येक वाहनाला असतो.

सायकल चालवणाऱ्या ज्येष्ठांसाठी :

सायकलला मागे पाहण्याचा आरसा बसवून घ्या, म्हणजे मान वळवण्याचे कष्ट वाचतील. डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात भडक रंगाचे कपडे असू द्या. मागच्या चाकावरच्या पत्र्याला चमकणारी पट्टी लावा. थांबायचे असल्यास आधी हात दाखवा, मग वेग कमी करा, मग कडेला घ्या. सोबतीला स्वतःचा मुलगा असला तरी हा क्रम सोडू नका. खिशात नाव, घरचा दूरध्वनी क्रमांक, चालू औषधांची नावे आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

एवढे करूनही पडणे घडलेच, तर घाईने उठवू नये. मागची वाहतूक आधी थांबवावी. गेंट-वेवेल्गेमच्या दुर्घटनेत पडण्यानंतरची धडकच जीवघेणी ठरली, हे ध्यानात ठेवावे. मान किंवा पाठ दुखत असल्यास व्यक्तीला तसेच पडू द्यावे. एक पाय आखूड वाटत असेल आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय घ्यावा आणि उभे करण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनोळखी व्यक्तीला मदत करतानाही कचरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

डोक्याला लागले असेल तर विशेष जागरूक राहावे. व्यावसायिक सायकलपटूंच्या मेंदूच्या आघातासाठी २०२१ पासून स्वतंत्र तपासणी पद्धती लागू आहे, कारण पडलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणून पुन्हा सायकलवर बसतो. आपले ज्येष्ठही नेमके हेच म्हणतात. वयपरत्वे मेंदूचे आकारमान किंचित घटते आणि त्यावरच्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. त्यामुळे साध्या धक्क्यानेही आत हळूहळू रक्त साकळू शकते आणि लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर हा धोका अधिक असतो. अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागल्यास वरून जखम नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढील काही आठवड्यांत वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ, चालताना तोल जाणे किंवा एका बाजूची ताकद कमी होणे दिसले तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

शेवटी सोबत्यांना एक विनंती. वडीलधाऱ्यांची सायकल काळजीपोटी बंद करून टाकण्याची घाई करू नका. दृष्टी, श्रवण आणि तोल यांची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि त्यांनी संमती दिली तर तो आनंद त्यांना अवश्य मिळू द्या. उद्या सकाळी निघण्यापूर्वी मात्र पाच मिनिटे एकत्र बसा. कुठल्या रस्त्याने जायचे, कुठे थांबायचे, हाताचा कोणता इशारा म्हणजे काय आणि सोबतची गाडी कुठे उभी असेल, हे दोघांनी मिळून ठरवा. मग सायकल बाहेर काढा.