शुद्ध इंग्रजी आणि गोड इंग्रजी



ज्यांचे व्याकरण पक्के झाले आहे, ज्यांना इंग्रजी वृत्तपत्र अडखळल्यावाचून वाचता येते, अशांसाठी या खेपेचे सदर आहे. नवशिक्यांनी रुसू नये. त्यांची क्रियापदे आम्ही पुन्हा हाती घेणारच आहोत.

बेळगावातील आमच्या धर्मग्रामातील एक तरुण परिचारिका सध्या सायंकाळच्या रोझरीनंतर आमच्याकडे अभ्यासास बसते. तिला इंग्लंडातील इस्पितळात नोकरी करावयाची आहे आणि त्यासाठी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट ही परीक्षा द्यावयाची आहे. या परीक्षेच्या संभाषण विभागात सुमारे २० मिनिटांत २ प्रसंग वठवावे लागतात. उमेदवार परिचारिकाच असते. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा रुग्णाचा आप्त होते. २०१८ पासून तर केवळ भाषेचेच नव्हे, रुग्णाशी जवळीक कशी साधली, त्याचे म्हणणे कसे जाणून घेतले, याचेही गुण धरले जातात.

पहिल्या दिवशी आम्ही रुग्ण झालो. मुलगी ताठ बसून म्हणाली, "सिट डाऊन. टेल मी युवर प्रॉब्लेम." व्याकरणात चूक काढावयास जागा नव्हती, परंतु आम्हांस आपण पोलीस चौकीत बसलो आहोत असे वाटले. आम्ही तिला विचारले, "हेच तू इथल्या वॉर्डात कसे म्हणतेस?" ती चटकन उत्तरली, "बसा ना काका. काय होतंय?"

पाहा, सारी माया त्या 'ना'मध्ये, 'काका'मध्ये आणि 'बसा' या रूपात आहे. इंग्रजीपाशी यांतले काहीच नाही. तेथे तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून एकच 'यू'. अनोळखी म्हाताऱ्यास 'अंकल' म्हणावे तर तो चकित होऊन पाहील. मग इंग्रज मनुष्य आपला आदर ठेवतो कोठे? तो वाक्याच्या आरंभी ठेवतो. 'वुड यू लाइक टू हॅव अ सीट?' 'कुड यू टेल मी अ बिट मोअर अबाउट दॅट?' हुकुमाचा प्रश्न केला की आदर आला, असे स्थूलमानाने समजावे.

याहून नाजूक विनंती करावयाची असेल तर तो भूतकाळात शिरतो. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी.' आमच्या शिष्येला हे विचित्र वाटले. मदत आता हवी, मग 'वॉज' कशासाठी? पण आपण शेजाऱ्याच्या दाराशी जाऊन काय म्हणतो? "जरा काम होतं." काम झालेले नसते, संपलेले तर नसतेच! क्रिया मागे ढकलली म्हणजे समोरच्याच्या अंगावर येत नाही, ही युक्ती दोन्ही भाषांस ठाऊक आहे.

'वुड यू माइंड' या प्रयोगाने मात्र आमची स्वतःचीच फजिती केली आहे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो. गोव्याकडे निघालेल्या गाडीत, मे महिन्यात, एका वयस्क इंग्रज बाईने आम्हांस विचारले, "वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?" आम्ही मोठ्या अगत्याने म्हणालो, "येस, येस!" बाई मुकाट्याने परत बसल्या आणि लोंढ्यापर्यंत आम्ही दोघेही घामाने निथळत राहिलो. प्रश्नाचा अर्थ 'तुमची हरकत आहे काय?' असा होता. तेथे 'नॉट ॲट ऑल' म्हणावयास हवे होते. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, ग्रीकही थोडे चाखले, पण खिडकी कशी उघडू द्यावी हे कोणी शिकवले नव्हते.

आणखी काही खाचखळगे आहेत. 'क्वाइट गुड' म्हणून इंग्रजाने आपल्या कामास दाद दिली तर फार हुरळू नये. बरे आहे, इतकेच त्याचे म्हणणे असते. 'विथ रिस्पेक्ट' असा आरंभ झाला की पुढे मतभेद येतो. 'यू मस्ट कम ओव्हर समटाइम' हे आपल्या 'या एकदा घरी' याचे सख्खे भावंड. वार आणि वेळ सांगितल्याशिवाय पिशवी भरून निघू नये. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, त्याचे 'आय ॲम कमिंग' करू नये, नाहीतर यजमान दार उघडे ठेवून उभा राहील. 'आय हॅड बेटर बी गोइंग' म्हणावे.

सर्वांत कठीण धडा गेल्या आठवड्यात आला. प्रसंग असा: रुग्णाचा मृत्यू झाला आहे आणि परिचारिकेने त्याच्या पत्नीस ते सांगावयाचे आहे. मुलगी हळूच म्हणाली, "युवर हसबंड हॅज एक्स्पायर्ड." आपल्याकडील इस्पितळांत हाच शब्द रूढ आहे. इंग्लंडात मात्र औषधाची बाटली किंवा पासपोर्ट 'एक्स्पायर' होतो. 'पास्ड आउट' म्हणावे तर तो मूर्च्छित झाला असा अर्थ होतो. 'वुई लॉस्ट हिम' म्हटल्यास भांबावलेली वृद्धा 'कोठे हरवला?' असे विचारावयाची. म्हणून तेथील परिचारिकांना 'डाइड' हा उघडा शब्दच वापरावा असे शिकवतात.

ती म्हणाली, "फादर, हे माझ्या तोंडून निघत नाही. आपण 'वारले' म्हणतो, 'देवाघरी गेले' म्हणतो."

तिची अडचण आम्हांस समजली. अशा दारी आम्हीही पुष्कळदा उभे राहिलो आहोत. आम्ही तिला सांगितले की मृदुपणा त्या शब्दात शोधू नकोस, त्याच्या आधी ठेव. प्रथम बाईंना बसव. मग म्हण, "आय ॲम अफ्रेड आय हॅव सम व्हेरी सॅड न्यूज." या 'अफ्रेड'मध्ये भीती नाही, 'सांगावयास वाईट वाटते' एवढाच भाव आहे. मग क्षणभर थांब. त्या थांबण्यात ऐकणारीचे मन सावरते. मग, "आय ॲम सो सॉरी. युवर हसबंड हॅज डाइड." आणि त्यानंतर पुष्कळ वेळ काहीच बोलू नकोस.

तीन सायंकाळी ती 'डाइड'पाशी अडली. तिच्या वडिलांना जाऊन वर्ष झालेले नाही, हे आमच्या ध्यानी उशिरा आले. आम्ही तो प्रसंग वगळू म्हणालो. तिने ऐकले नाही. चौथ्या दिवशी तिने वाक्य पुरे केले, आणि आम्ही, म्हणजे ती विधवा, तिला काय उत्तर द्यावे हेच विसरून गेलो.

परीक्षा पुढील महिन्यात आहे. येत्या अंकी दूरध्वनीवरील संभाषण घेऊ.