ग्राहकाची ठेव सांभाळणार कोण?

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण ज्यांनी रचली, त्यांच्या डोळ्यांपुढे गोठा होता. आज दुकान संकेतस्थळावर आले, गल्ला संगणकात गेला. म्हण मात्र जुनी झालेली नाही. २०१८ साली ब्रिटिश एअरवेज या बलाढ्य विमान कंपनीने तिचा अनुभव घेतला.

त्या वर्षी २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या काळात कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवाशाने कार्डाचा तपशील भरला की तो त्याच क्षणी चोरांकडेही पोहोचत होता. तिकीट मिळत होते, पैसे योग्य जागी जमा होत होते. मग संशय यावा तरी कोणाला? हॅकरांनी पानात अवघ्या २२ ओळींची संहिता मिसळली होती. माहिती जिथे जात होती, तो पत्ताही कंपनीच्याच नावासारखा भासावा असा निवडला होता. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार! चोर आत शिरले ते कंपनीला सेवा पुरवणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेच्या कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द वापरून. चोरीची वर्दी मिळाली तीही बाहेरूनच. चाचणीपुरती सुरू केलेली एक नोंदव्यवस्था बंद करायची राहून गेल्याने सुमारे १ लाख ८ हजार कार्डांचा तपशील उघड्यावर पडून होता, हेही चौकशीत आढळले. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

‘हे मोठ्यांचे दुखणे, आमच्या छोट्या दुकानाकडे कोण फिरकणार?’ असे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२० ची घटना आठवावी. मॅजेंटो या प्रणालीची पहिली आवृत्ती जून २०२० मध्ये निर्मात्यांनी वाऱ्यावर सोडली. तिच्या दुरुस्त्या थांबल्या. तरीही असंख्य दुकाने तिच्यावरच चालू राहिली. पुढे सप्टेंबरमध्ये अवघ्या काही दिवसांत जगभरातील सुमारे २ हजार दुकानांत कार्डचोर संहिता पेरली गेली, आणि त्यांतील बहुतेक दुकाने याच जुन्या आवृत्तीवरची होती. चोर दुकानाची पाटी वाचत नाही, तो सैल कडी शोधतो. शिवाय हे शोधणेही तो यंत्राकरवीच करतो.

आपल्या देशात स्थिती तुलनेने बरी आहे, आणि त्याचे श्रेय रिझर्व्ह बँकेला दिले पाहिजे. ऑनलाईन खरेदीत कार्डाच्या तपशिलाबरोबर ओळखीची दुसरी खूण तिने ऑगस्ट २००९ पासूनच बंधनकारक केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःजवळ साठवण्यास मनाई आहे. त्याच्या जागी केवळ एक सांकेतिक क्रमांक राहतो. तिजोरीत जे नाहीच, ते चोर नेणार कसे?

परंतु या कवचालाही फटी आहेत. साठवलेली माहिती सुरक्षित झाली, तरी ग्राहक ती टंकित करीत असतानाच चोरली गेली तर काय? पैसे स्वीकारण्याचे काम मान्यताप्राप्त देयकसेवेकडे सोपवले, तरी हॅकर त्याआधीच बनावट अर्ज पुढे करू शकतो. अनेक परदेशी संकेतस्थळे दुसरी खूण मागत नाहीत. ज्या कार्डावर परदेशी व्यवहाराची मुभा सुरू आहे, त्याचा चोरलेला क्रमांक तिथे चालतो. ही मुभा बंद ठेवणे ग्राहकाच्या हाती आहे. पण दुकानाची राखण हे ग्राहकाचे काम नव्हे.

ते दुकानदाराचेच काम आहे, आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागतो असेही नाही. प्रणालीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा आणि काम संपलेल्या कंत्राटदाराचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. व्यवस्थापकाच्या प्रवेशालाही दुहेरी कुलूप असावे. पैसे भरण्याच्या पानावर जाहिराती, गणकयंत्रे, गप्पांच्या खिडक्या अशी परक्यांची संहिता शिरू देऊ नये. त्या पानावर कोणती संहिता चालते याची नोंद ठेवणे आणि तिच्यातील बदलांवर पाळत ठेवणे, ही कलमे कार्डसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात ३१ मार्च २०२५ पासून लागू झाली आहेत. चोरी झालीच, तर अब्रूच्या भयाने ती दडवू नये. ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेला सहा तासांत कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे.

एकट्या छोट्या व्यापाऱ्याला हे सारे अवघड वाटेल, हे खरे. येथेच व्यापारी संघटनांनी पुढे यावे. तराजू आणि वजने ठराविक काळाने तपासून त्यांवर शिक्का मारून घेण्याची शिस्त आपल्या बाजारपेठेने केव्हाच अंगी बाणवली आहे. मग ज्या पानावर ग्राहक आपल्या बँकेची किल्लीच ठेवतो, त्याची वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी का नको? दहा-वीस दुकानदारांनी मिळून एक जाणकार नेमला, तर भार कोणालाच जड होणार नाही.

जुन्या पेढीवर ठेव ठेवणारा माणूस पावतीपेक्षा पेढीवाल्याच्या शब्दावर विसंबत असे. कार्डाचे सोळा अंक ही तशीच ठेव आहे, मग ती क्षणभरच का सोपवलेली असेना. दंड भरून निघतो. उडालेला विश्वास परत मिळवायला मात्र आयुष्य अपुरे पडते. झोपा करायचा तो बैल गोठ्यात असतानाच!