हातभट्टी आणि हातची बीअर

भाच्याला बढती मिळाली. आमच्या वेळी बढती मिळाली, की शाखेत पेढे वाटायचे आणि बदलीच्या गावाचे नाव घरी कसे सांगायचे, याची चिंता करीत बसायचे. भाच्याने पेढे दिलेच, वर म्हणाला, ‘‘मामा, रविवारी तुमच्या मित्रांना घेऊन या. बीअर कशी करतात ते दाखवतो.’’

तर आम्ही चौघे निघालो. सगळे साठी ओलांडलेले. मी, बँकेतले माझे दोन जुने सहकारी आणि शिरूर तालुक्यात शेती व दोन म्हशी सांभाळणारा आमचा शाळासोबती. सहकाऱ्यांपैकी एकजण आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. त्याचा थोरला भाऊ दारूने गेला. जाताना दुकान, राहते घर आणि बायकोच्या पाटल्या घेऊन गेला. हा मित्र येईल असे मला वाटले नव्हते. पण तो म्हणाला, ‘‘मी लिंबूसोडा घेईन. बघायला काय हरकत आहे?’’

मुंढव्याच्या बाजूला एका मोठ्या शेडमध्ये हा कारखाना-कम-हॉटेल. काचेच्या भिंतीपलीकडे पोलादी टाक्या, अलीकडे टेबले. पुण्याला आता याचे अप्रूप उरलेले नाही. ‘डूलाली’ने २००९ साली पुण्यात हा उद्योग सुरू केला, तेव्हा एक जर्मन ब्रूमास्टर इथे येऊन राहिला होता, ही गोष्ट जाणकार अजून कौतुकाने सांगतात. त्यानंतर बंगळूरने या धंद्यात मुसंडी मारली, मुंबई-गोव्यातही ठिकाणे निघाली. डोंबिवलीसारख्या गावातही बीअरचा कारखाना निघाला, म्हणजे मध्यमवर्गाने या गोष्टीला रीतसर पाट दिला म्हणायचे!

आम्हांला टाक्या दाखवायला आली ती तिशीच्या आतली एक मुलगी. बीअर तीच बनवते. तिने आम्हांला ‘काका’ म्हणून हाक मारली आणि आमचा अर्धा संकोच गेला. मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे, म्हणजे माल्ट, तिने आमच्या तळहातावर ठेवले. चावून पाहिले, तर थेट भाजक्या गव्हाची चव. हे दाणे भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, की पिष्टाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा. कडूपणा हॉप्सचा. मग रस थंड करून त्यात यीस्ट सोडायचे, की साखरेचे मद्य होऊ लागते. एल प्रकारची बीअर २० अंशांच्या आसपास आंबते. लागरला त्याहून थंडावा लागतो आणि वेळही जास्त. शाळासोबत्याने उकळत्या रसाचा वास घेतला आणि म्हणाला, ‘‘हे तर आमचं गुऱ्हाळ!’’ मग त्याने खरा प्रश्न विचारला, ‘‘उरलेल्या चोथ्याचं काय करता?’’

‘‘गोठेवाले नेतात, काका.’’

‘‘काय भावानं?’’ पुढची दहा मिनिटे त्या दोघांनी आमच्याकडे पाहिलेही नाही.

मग लाकडी फळीवर सहा छोटे पेले आले. गव्हाच्या बीअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. त्यात केळेही नसते आणि लवंगही. ती यीस्टची करामत. एक काळीभोर, कॉफीसारखी. एक इतकी कडू, की मला लहानपणचा काडेचिराईत आठवला. भाचा मात्र तिचीच तारीफ करीत होता. आमच्या तरुणपणी बीअर म्हणजे एकच चव आणि एकच प्रश्न, ‘थंड आहे का?’ इथली माणसे बीअरविषयी आपण आंब्याविषयी बोलतो तसे बोलत होती. खोटे कशाला सांगू, मला मजा वाटली.

तेवढ्यात लिंबूसोडेवाल्या मित्राने विचारले, ‘‘यानं कुणाचं घर बुडतं का रे?’’

टेबलावर क्षणभर कुणी बोलेना. त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी कर्ज विभागात आयुष्य काढलेले. कागद दिसला की आकडे मांडायची खोड. टेबलावरच्या कागदी चटईवर हिशेब केला. आमचा ३३० मिलिलिटरचा पेला करासह ४०० रुपयांच्या घरात. मद्यार्क पाच टक्के, म्हणजे साडेसोळा मिलिलिटर. एका मिलिलिटरला सुमारे २४ रुपये. आता दुसरी बाजू. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करवाढ ठरवली, तेव्हा देशी बनावटीच्या विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. त्यात मद्यार्क ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिलिलिटर. एका मिलिलिटरला पावणेतीन रुपयेही पडत नाहीत. देशी दारूची तेवढीच बाटली किमान ८० रुपयांची, म्हणजे ती त्याहूनही स्वस्त.

‘‘या बीअरनं घर बुडवायला आधी बंगला हवा,’’ मी म्हणालो. मित्र हसला नाही. ‘‘म्हणजे नशा जितकी कडक, तितकी स्वस्त,’’ तो म्हणाला.

आपल्या मद्यधोरणाचे याहून नेमके वर्णन मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही. गरिबाने थोडे आणि सौम्य प्यावे, अशी सोयच आपण ठेवलेली नाही. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बीअरमध्येही पाच ते आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’च बहुतांश, कारण दिवसभर राबलेला माणूस पैशाला चव मोजत नाही, झोप मोजतो. २०२५ च्या वाढीतून बीअर आणि वाइन वगळली, हे योग्यच झाले. पण त्या वाढीमागे विचार आरोग्याचा नव्हता, तिजोरीचा होता. वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळावेत, हे उद्दिष्ट उघड सांगितले गेले. पिण्याची दारू जीएसटीबाहेर आहे. राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणावेत असे जे थोडे कर उरले, त्यांत ही दुभती गाय. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीच्या खात्यात महिना १,५०० रुपये देण्याची योजना आली. ते पैसे दाजींच्या बाटलीतून परत येणार असतील, तर या व्यवहाराला बँकेत आम्ही ‘कॉन्ट्रा एंट्री’ म्हणत असू.

गंमत अशी, की ज्या कायद्याखाली हे सारे चालते त्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे. १९४९ चा तो मुंबई राज्याचा कायदा, मोरारजीभाईंच्या काळातला. बंदी आली आणि मुंबईत ‘आंटी’चे अड्डे फोफावले. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण परवाना राहिला. एक दिवसाचा पाच रुपयांना, आजन्म हजार रुपयांना. माझ्या पाकिटात तो आजन्म परवाना आहे. आरोग्याच्या जतनासाठी मला मद्याची गरज आहे, असे त्यात शासनाने मान्य केले आहे. आमच्या कुटुंबाला हे अजून मान्य नाही! सौम्य बीअरला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५. कायद्याने सौम्य आणि कडक यांतला फरक वयात ओळखला, किमतीत मात्र ओळखला नाही.

आणि ‘क्राफ्ट’ या शब्दाचे काय करायचे? क्राफ्ट म्हणजे हातची कारागिरी. आपल्याकडे हाताने, थोडीथोडकी गाळलेल्या दारूला शब्द आहे ‘हातभट्टी’. दोन्ही शब्दांत हात तोच; एकाला काचेची भिंत मिळाली, दुसऱ्याला पोलिसांची धाड. विदर्भातले आदिवासी मोहाची फुले पिढ्यान्‌पिढ्या गाळीत आले, ते गुन्हेगार ठरले. गोव्याने याबाबतीत शहाणपणा दाखवला. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. अर्थात हातभट्टीचे गोडवे गाणे मला जमणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली. पण ती मोहाने किंवा गुळाने मेली नाहीत. कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळल्याने मेली. त्या मुलीच्या टाकीची जशी नोंद आणि तपासणी होते, तशी गडचिरोलीच्या मोहाची कुणी केलीच नाही. गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी आहे, आणि ती तिथल्या बायकांनी लढून मिळवलेली आहे. त्यांना जाऊन ‘कारागिरी’चे कौतुक सांगण्याचे धाडस मला तरी नाही.

शेतकऱ्याचे काय, हे आमच्या शिरूरकराने विचारलेच. नाशिकच्या द्राक्षांना २००१ च्या धोरणाने वाइनची वाट मिळाली. बीअरच्या बार्लीचे तसे नाही. ती राजस्थान-हरियाणाची, आणि अशा ठिकाणी वापरतात ते माल्ट पुष्कळदा जर्मनी-बेल्जियमचे. हॉप्सही बहुधा परदेशीच. आपल्याकडे आहे ज्वारी. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा ज्वारीच्या नावाने कुणाचे भले झाले यावर खूप वादळ उठले, आणि ते रास्त होते. काही छोटे उत्पादक आता ज्वारी, बाजरी, कोकम वापरून पाहतात. खप मूठभर, त्यावर कोरडवाहू शेती तरणार नाही.

पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड. लिटरभर बीअरला चार-पाच लिटर पाणी जाते, छोट्या ठिकाणी अधिकच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेत होते, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाला मद्यकारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. वाळूजचे कारखाने तिथेच आहेत. मी मराठवाड्यातल्या एका शाखेत तीन उन्हाळे काढले आहेत. टँकरमागे धावणाऱ्या बायका पाहिलेल्या माणसाला तो पेला संपवताना थोडे अडखळायला होते.

भाचा ऐकत होता. तो म्हणाला, ‘‘मामा, मग आम्ही काय, प्यायचंच नाही?’’ मी तसे म्हटले नव्हते. कर बाटलीवर नको, तिच्यातल्या मद्यार्कावर हवा, म्हणजे सौम्य पेय गरिबाला परवडेल आणि कडक महाग पडेल, एवढेच मी म्हणत होतो. आणि वय विचारले जावे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. त्याआधी त्याला दारू मिळाली होती ती चकचकीत ठिकाणीच. जामिनाच्या अटींत त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला होता. मी चाळीस वर्षे लिहितो आहे. निबंधाचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

बिल आले. भाच्याने ते आम्हांला पाहू दिले नाही. मी उगाच वेटरला परवान्याचे विचारले. तो गोंधळला, आत गेला आणि हसत परत आला, ‘‘सर, तुम्हांला कोण विचारणार?’’ लिंबूसोडेवाल्या मित्राने माझा परवाना मागून घेतला आणि चष्मा लावून नीट वाचला.

‘‘दादाकडे हा नव्हता,’’ तो म्हणाला आणि घडी घालून मला परत दिला.

बाहेर शिरूरकराने त्या मुलीचा फोन नंबर लिहून घेतला होता. मंगळवारी चोथ्याचा टेम्पो भरतो म्हणे, सकाळी सातला.